दुधी तलावाची मोजणी

आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, असं पप्पांचं मत आहे. ते म्हणतात, माणसानं आधी दात पाडून घ्यावेत, मग आठवणी लिहाव्यात. मी एकतीस वर्षांची आहे आणि माझे सगळे दात जागेवर आहेत. पण सत्तरीपर्यंत थांबले तर तोवर गावातला प्रत्येक जण आपण तेव्हा तलावाच्याच बाजूनं होतो असं सांगत फिरेल. माझा चुलतभाऊ धनेशदादा आत्तापासूनच सांगत फिरतो. म्हणून आत्ताच लिहिते. ह्या प्रकरणात मी वीस वर्षांची आहे आणि मला जगातलं सगळं कळतं. मी ज्यांच्याविरुद्ध लढते आहे त्यांच्यातला एक जण रोज माझ्यासमोर बसून तांदळाची भाकरी खातो, एवढंच कळत नाही.

आमचं घर नरपडच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत. वाडीच्या मागच्या अंगाला दुधी तलाव. सकाळी धुक्यात तो दुधाच्या टोपासारखा दिसतो म्हणून दुधी, बाकी दिवसभर म्हशींसारखाच दिसतो, कारण त्या त्याच्यातच असतात. आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. पहाटे पप्पा व्यापाऱ्याशी फोनवर गुजरातीत भांडायचे, मग आई सुके बोंबील भाजायची, मग चिकू धुवायचा जाळीचा पिंप घडघडायला लागायचा. चिकू झाडावरून उतरवला की त्याच्यावर तपकिरी भुकटी असते. पाण्यात फिरवून ती काढली की तो बाजारात न्यायच्या लायकीचा होतो. हा पिंप फिरवायला, चिकू निवडायला सात बाया यायच्या आणि त्यांची म्होरकी होती सखूमावशी. मूळची तलासरीकडची, उधव्याची, लग्न होऊन तलावापलीकडच्या पाड्यावर आलेली. तिचं तोंड आणि पिंप एकाच वेळी सुरू व्हायचे आणि आधी पिंप थांबायचा.

आमच्याकडे सणासारखा एक दिवस असायचा, तो कुठल्याही कॅलेंडरवर नाही. पाऊस सरला की कुंपण लावायचं. आमच्या भागात वाडीला शेराचं कुंपण असतं, हिरव्या बोटांसारख्या फांद्यांचं, मोडलं की दूध येणारं. दरवर्षी त्यातला काही भाग कुजतो, तिथे नव्या फांद्या खोचायच्या. पप्पा त्या दिवशी जुनी बनियन घालून, डोक्याला टॉवेल बांधून सगळ्यांच्या पुढे. आई मडक्यात भाज्यांची उकडहंडी लावायची, आणि आम्ही सगळे चिकाळलेल्या हातांनी कुंपणाशेजारीच बसून ती खायचो. नवी फांदी नेहमी जुन्या बुंध्याच्या बाहेरच्या बाजूला खोचायची. आतल्या बाजूला जुनी मुळं असतात, खोदायला त्रास होतो. आजोबा तसंच करायचे, पप्पा तसंच करायचे आणि मीही शेकड्यांनी फांद्या तशाच खोचल्या आहेत. आता लिहिताना हे वाक्य कबुलीजबाबासारखं वाटतं. तेव्हा मला फक्त उकडहंडीचा वास येत होता.

कॉलेजात असताना मी तलासरीला एका शिबिराला गेले आणि तिथे पत्रक लिहायला शिकले. शिकवणारी ताई म्हणाली, पत्रक म्हणजे निबंध नव्हे. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत दोषी, तिसऱ्या ओळीत मागणी, आणि खाली तारीख टाकायला विसरू नका. मी ह्या शास्त्रानं इतकी भारावले की घरी आल्यावर फ्रीजच्या दारावर पहिलं पत्रक चिकटवलं. "बोंबलाची चटणी कोणी संपवली? वाडीमालकांची मनमानी! उद्या सकाळपर्यंत चटणी पूर्ववत झालीच पाहिजे." पप्पांनी ते चष्मा लावून वाचलं, खाली सही केली आणि वाटीच्या बुडाशी चिकटलेली चटणीही खाल्ली. आई म्हणाली, "मागणी करणारीनं पाटा धुवायला यावं." त्या वयात आई मला चळवळीतली मागासलेली शक्ती वाटायची.

अशा वेळी आला बिल्डर. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तो खूश होईल. तलावाला लागून आमच्या शेजारची एक जुनी वाडी त्यानं विकत घेतली आणि तिथे बारा बंगले बांधायचं काढलं. प्रकल्पाचं नाव 'सरोवर हाईट्स', आणि बंगले सगळे एकमजली. त्याच्या रंगीत माहितीपत्रकावर दुधी तलावात दोन राजहंस होते, एक कारंजं होतं, आणि शिडाच्या होडीत एक गोरं कुटुंब रस पीत होतं. सखूमावशीनं तो कागद चिकूच्या पाटीवर ठेवून नीट पाहिला. "म्हशी कुठं गेल्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काढल्या, मावशी." ती म्हणाली, "ह्या बायला सांग, होडीतून पाय खाली सोडू नको. खाली आमची काळी असेल."

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं मात्र. बिल्डरच्या नकाशात बंगल्यांची भिंत थेट पाण्याला भिडत होती. तलावाचा काठ जुन्या सरकारी नकाशावर सार्वजनिक होता, चांगला रुंद, आणि तिथे बाग व्हावी असा अर्ज पंचायतीत कधीचा पडून होता. पण प्रत्यक्षात काठ उरला होता तो म्हशीला वळता येईल एवढा. बिल्डर म्हणाला, कुंपण जिथे आहे तिथपर्यंत माझं. ही भिंत उभी राहिली असती तर पाड्यावरच्यांना तलावावर यायला वाटच उरली नसती. मुलं पोहतात ती जागा, कपडे धुवायचे दगड, केवड्याची बनं, सगळं आत गेलं असतं. आणि गावात बिल्डरची बाजू सांभाळायला होता आमचा धनेशदादा. त्यानं नवा गॉगल घेतला होता आणि तो देवळातही काढत नव्हता.

मी पेटले. आठ दिवसांत नऊ पत्रकं काढली. सगळ्यात गाजलं ते "तलावाचा काठ कोणी गिळला?" त्यात मी लिहिलं, सरकारी मोजणी करा, दूध का दूध होऊ द्या, आणि ज्यानं ज्यानं काठावर अतिक्रमण केलं आहे त्याला, तो कितीही मोठा असो, मागे हटवा. 'कितीही मोठा असो' ह्या शब्दांखाली दोन रेघा. पप्पांनी ते पत्रक मसोलीच्या नाक्यावर स्वतः वाटलं. "माझ्या वैजूनं लिहिलंय," म्हणायचे, "वाचा, वाचा, चहा नंतर प्या." मोजणीच्या अर्जावर पहिली सही त्यांची. अर्ज मंजूर झाला तेव्हा त्यांनी पेढे आणले.

मोजणीच्या दिवशी अख्खं गाव काठावर. मोजणीदार साहेब शांत, बारीक, टोपी घातलेले. तीन पायांवर यंत्र लावलं, एक मदतनीस काठी घेऊन पुढे. सुरुवात बिल्डरच्या बाजूनं झाली. मोजणीदार कुंपण ओलांडून आत गेले, अजून आत गेले, आणि त्यांनी पहिला खुंट ठोकला तो बिल्डरनं उभारलेल्या कमानीच्याही मागे. नकाशातल्या पाण्याकडच्या तीन बंगल्यांचे अख्खे व्हरांडे सार्वजनिक जागेत निघाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी घोषणा दिल्या, घसा बसेपर्यंत. धनेशदादानं पहिल्यांदा गॉगल काढला. मग यंत्र उचललं आणि साहेब आमच्या कुंपणाशी आले. आणि तसेच पुढे निघाले.

"साहेब," पप्पा हसत म्हणाले, "कुंपण इकडे राहिलं."

"कुंपण इथे आहे," साहेब म्हणाले, "हद्द अजून यायचीय."

ढोबळी मिरचीच्या वाफ्यातून गेले. आजोबांनी लावलेल्या दोन चिकूंच्या मागून गेले. माझ्या घोषणा आपोआप हळू झाल्या. बिल्डरनं घेतलेल्या वाडीचं कुंपण जेवढं सरकलं होतं त्याच्या दीडपट आमचं सरकलं होतं, कारण आमचे आजोबा जास्त मेहनती होते. शेवटी काठीवाला मदतनीस आईच्या बाथरूमच्या दाराशी येऊन थांबला. दार आतून बंद होतं.

ह्या बाथरूमबद्दल सांगायला हवं. त्याआधी आमच्याकडे ताडपत्रीचा आडोसा होता, वारा सुटला की आंघोळ करणाऱ्यानं एका हातानं ताडपत्री धरायची. आईनं अकरा वर्षं पप्पांकडे बाथरूम मागितलं. पत्रक नाही, घोषणा नाही, फक्त दर दिवाळीला एकदा. शेवटी झालं तेव्हा तिनं वापीहून गुलाबी टाइल्स आणवल्या, गीझर बसवला, आणि दाराला पितळेची कडी. घरातली ती एकच खोली होती जिथे कोणी तिला हाक मारू शकत नव्हतं. मारली तरी ती 'ओ' देत नसे.

"आत कोण आहे?" मोजणीदारांनी विचारलं.

"माझी आई," मी म्हटलं. माझा आवाज घोषणांमुळे बसला होता असं मी लोकांना नंतर सांगितलं.

"बाई," साहेब दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "फक्त खुणेपुरतं दार उघडा."

आतून आई म्हणाली, "कोण आहे?"

"सरकारी मोजणी."

"पाणी तापलंय. सरकारला बसायला सांगा."

सरकारनं वाट पाहिली नाही. बाहेरूनच हिशेब करून त्यांनी दोन्ही भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या. एका फुलीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढली तर बादली आमच्यात राहत होती आणि गीझर जनतेत. आई ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा समोर दीडशे माणसं उभी होती आणि धनेशदादा फोटो काढत होता.

संध्याकाळी गावच्या ग्रूपवर त्याचं पत्रक आलं. पहिल्या ओळीत प्रश्न, "जनतेच्या जमिनीवर आंघोळ कोण करतं?" दुसऱ्या ओळीत दोषी, तिसऱ्या ओळीत मागणी. खाली तारीखसुद्धा. ते चांगलं पत्रक होतं. तो शिबिराला आलेला नव्हता, माझीच नऊ वाचून शिकला होता.

आमच्या घरात आवाज बंद पडले. पप्पा व्यापाऱ्याशीसुद्धा हळू बोलायला लागले. जेवताना एकदाच फुटले. "मी चोर आहे का? आं? कुंपण आपलं आपण सरकलं."

"पप्पा, शेराला पाय नसतात."

"तू पण लावलंयस ना? नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून लावतेयस! तुझ्या नावानं काढ आता पत्रक!" मग खालच्या आवाजात म्हणाले, "असं लिही की जुनी घरं आहेत त्यांचं राहू द्या. नव्यांचं काढा. लिही की."

लिहिता आलं असतं. पण बिल्डरनं घेतलेली वाडी आमच्याहून जुनी होती. आमचं कुंपण राहिलं असतं तर त्याचं राहिलं असतं, आणि त्याचं राहिलं की भिंत पाण्यापर्यंत. बिल्डर हेच धरून बसला होता. कुंपणं खुंटांपर्यंत मागे घ्यायची की नाही हे ग्रामसभा ठरवणार होती; तिथे आधी आम्ही काय करतो ते बघणार, मग तो. ह्या सगळ्यात आई भाकऱ्या थापत होती, एरवीपेक्षा जरा जोरात. मी तिच्याकडे बघत नव्हते. मोठमोठ्या लोकांना मागे हटवायचं म्हणून मी दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्या रेघांच्या टोकाला एक गुलाबी टाइल्सची खोली निघाली होती.

तीन दिवस मी कागद घेऊन बसले. प्रश्न लिहायचा, आणि दोषीपाशी पेन अडायचं. चौथ्या दिवशी पिंपाशी जाऊन बसले. सखूमावशी चिकू निवडता निवडता म्हणाली, "काय गं बाय, शाई संपली का दुश्मन संपले?"

मी विषय बदलायला म्हटलं, "मावशी, जनतेचं काय म्हणणं आहे?"

"जनता कोण?"

"तुम्ही. तुमच्यासाठीच तर लढतोय आपण."

सातही बाया हसल्या. एक तर चिकूत पडली. सखूमावशी म्हणाली, "मंग लिही. जनता सकाळी सातला ह्या वाडीत येते. पाचला सुटते. मधी तिला जावं लागलं तर कुठं जाते?"

मला खरंच माहीत नव्हतं. तिनं ओल्या हातानं तलावाकडे दाखवलं. केवड्याचं बन. "वीस वर्षं झाली. एकीनं जायचं, एकीनं बाहेर उभं राहून गाणं म्हणायचं, म्हणजे कोणी येत नाही. भिंत झाली का ते बी गेलं. तुझ्या नऊ कागदांत राजहंस आहेत बाय, म्हशी पण आहेत. आम्ही कुठं दिसलो नाही."

ती गाणी मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं, तलाव बघून बायांना गाणं सुचतं. मागे वळून पाहिलं तर आई भाज्यांची टोपली घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मग तशीच वळून आत गेली.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता, त्यावर राजहंस फिरत होते. धनेशदादानं आपलं पत्रक खड्या आवाजात वाचलं. सरपंचताई माझ्याकडे वळल्या, "वैजू, बाकीच्यांना मागे हटायला सांगतेस. तुमच्या घरचं काय?"

मी उभी राहिले. चार पानांचं भाषण होतं, पहिल्या ओळीत प्रश्न होता. पण पप्पा आधीच उठले. "माझ्या बापानं लावलेल्या चिकूला हात लावायचा नाही! बाकी काय ते बघू. बाकीचंही बघू नका खरं तर." बिल्डरचा माणूस हसला. झालंच होतं सगळं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आई उठली. ती ग्रामसभेत कधीच बोललेली नव्हती. ती तिथे येते हेही मला माहीत नव्हतं.

"चिकूची झाडं बागेत राहतील," आई म्हणाली. "बागेला झाडं लागतातच. खाली बाकडं टाका. आणि बाथरूम ह्यांचं नाही. अकरा वर्षं मी मागितलंय, ते माझं आहे. उद्यापासून पंचायतीचं. घराकडचं दार बुजवा, तलावाकडे काढा. वाडीत कामाला येणाऱ्या बायांसाठी. संडासाचं भांडं बसवायला जागा आहे कोपऱ्यात, मी मोजलीय."

"मॅडम," बिल्डरचा माणूस म्हणाला, "भावनेच्या भरात असा निर्णय..."

"भरात नाही. सकाळी टाइल्स घासून आलेय." आई त्याच्याकडे वळली. "आमचं कुंपण आलं मागे. आता तुमचं कधी येतंय?"

हॉलच्या मागच्या बाजूला सखूमावशी उठली. "गरम पाणी ऱ्हाणार का?"

सरपंचताई ग्रामसेवकाला म्हणाल्या, "लिहा. गीझरसह."

ठरावासाठी हात वर करायला सांगितलं तेव्हा मागच्या अर्ध्या हॉलमधून बायकांचे हात आले, पाड्यावरच्या, वाड्यांतल्या, ज्यांना मी कुठल्याच सभेत पाहिलं नव्हतं कारण मी मागे वळून पाहतच नव्हते. पप्पांचा हात वर गेला तो मत द्यायला की डोकं खाजवायला, हे अजून ठरलेलं नाही. ग्रामसेवकानं तो मोजला. धनेशदादानं इकडेतिकडे पाहिलं आणि गॉगल कपाळावर सरकवून अर्धा हात वर केला. तोही मोजला. म्हणून तो आता सांगत फिरतो.

बंगले पुढे झाले, बाराचे नऊ, आणि भिंत खुंटांच्या पलीकडे. मधे बाग. बाग म्हणजे काय, दोन बाकं, थोडी जास्वंद, आणि म्हशींनी खाल्लेली जास्वंद. मी बऱ्याच लढाया हरले आहे, त्यामुळे ही जिंकलेली आहे हे मला नीट सांगता येतं.

आमचं नवं बाथरूम व्हायला सहा महिने लागले. तोवर पप्पांनी पुन्हा ताडपत्री बांधली. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला, साबणाची डबी घेतली आणि कुंपणाला वळसा घालून बागेच्या बाजूनं आपल्या जुन्या बाथरूमच्या नव्या दारापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे तीन बाया होत्या. मी मागोमाग धावले. "आई, तू कशाला रांगेत? तुला कोण अडवणार आहे?" आई म्हणाली, "सार्वजनिक आहे ना? तूच लिहिलंस." आतून वाफ येत होती आणि पाण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता. शेवटी आईनं दार वाजवलं. "सखू, आटप गं. मागे रांग लागलीय."

मग सखूमावशीचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळ लहान. "आंघोळ झाली बाई मगाशीच. पर जन्मात पहिल्यांदा आतून कडी लावलीय. जरा बसू द्या."

रांगेतली एक जण काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. आईनं तिला हातानं थांबवलं, बाकड्यावर जागा केली, आणि म्हणाली, "बस गं. तिला बसू दे."